हीटर बंद करू नकोस

कोआमो, शुक्रवार

प्रिय मिल्तन,

आधी शिव्या देऊन घेतो, मग खुशाली विचारतो. तुझ्या दादाच्या, ओबेदच्या, गाडीतला हीटर काढून त्याचे दोन्ही पाइप एकमेकांना जोडून टाकायची अक्कल तुझी. आठवतं का? "कोआमोत हीटर कुणाला पाहिजे, इथं नुसती काच लावली तरी आत भात शिजेल," असं म्हणाला होतास, आणि ओबेद आणि मी खुळ्यासारखे हसलो होतो. इथल्या अर्ध्या गाड्यांचे हीटर असेच कापलेले आहेत, त्यांचं काही बिघडलं नाही. पण आपली ही बया निराळी. इंजिन मागे, रेडिएटर पुढे, आणि पाणी नेणारे लांबलचक पाइप मधे. तुझ्या त्या जोडात हवा अडकून बसायची, तिला बाहेर पडायला वाटच नाही. पाणी पुढे सरकायचं नाही, इंजिन तापायचं, आणि जो पाइप सगळ्यांत म्हातारा तो फुटायचा. इतकी वर्षं आपण पाइपांच्या नावानं बोटं मोडत होतो.

हे फोनवर का सांगितलं नाही, म्हणशील. फोन लावला होता रे. तू उचललास, आणि मी ओर्लांडोच्या हवेची चौकशी करून ठेवून दिला. तुला चमत्कारिक वाटलं असेल. उद्या नोएमीची बहीण तिकडे यायला निघतेय, तिच्या हातात हे देतोय. तुला यातलं काही माहीत नाही असं आपल्या नोएमीवहिनीला दाखव. आणि ओबेदला तर मुळीच कळू देऊ नकोस, त्यानं मला शपथ घातली होती. घातली तर घातली.

ईस्टर झाल्यावर त्यानं मला बोलावून घेतलं. अंगणात आंब्याखाली खुर्ची टाकून बसला होता, त्या उन्हात अंगावर लोकरीची शाल. तू गेल्यापासून गाडी ताडपत्रीखाली होती, तिच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "विसो, हिला उठवायची." मला वाटलं थट्टा करतोय. न्हाणीपर्यंत जायचं तर याला नोएमीचा खांदा लागतो. मी म्हटलं, कुठं न्यायची, सालीनासला शर्यतीला? तर म्हणाला, "नाही. हळू चालली पाहिजे. माणूस चालतो तितकी हळू, भर दुपारी, आणि उकळता कामा नये." मी म्हटलं, लेका, टर्बो गाडी आहे ती, बैलगाडी नव्हे. एरवी यावर त्यानं माझ्या आईचा उद्धार केला असता. त्या दिवशी त्यानं गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

मग लागलो कामाला. आधी रेडिएटरखालचा पाइप बदलला. दोन दिवस बरी राहिली, तिसऱ्या दिवशी टर्बोचा तो करंगळीएवढा पाणीपाइप गेला. हात लावला तर बिस्किटासारखा तुटून आला. तो घातला, तर इंजिनाच्या पोटातला सुटला, तोच, जिथं माणसाचा हात जात नाही. तुझा बारीक हात जायचा. माझा हा असा वासरासारखा दंड, कोपराची सालपटं निघाली, तरी क्लिप काही पकडीत येईना. ओबेद खुर्चीतून सूचना देतोय, "डावीकडून घाल, डावीकडून! तुझ्या बायकोनं तुला काय बघून पसंत केलं रे?" असं हसत हसत महिना गेला. एक नवा पाइप घातला की दाब शेजारच्या जुन्यावर, की तो जायचा.

एक दिवस मी वैतागून म्हटलं, आता अजून कितीदा? तेव्हा तो शाल सारखी करत म्हणाला, "माझंही तसंच चाललंय की. हातातली नस बंद पडली, मग मानेत नळी घातली, ती सडली, आता म्हणतात मांडीत बघू. तू तरी सगळे एकदम बदलून टाक बाबा." मी जुने सगळे पाइप उपटून काढले आणि सगळे नवे घातले.

आणि तरीही उकळली. गल्लीतून पावलापावलानं नेली, वळणावर पोचेपर्यंत सुई वर, आणि अंगणात आणून उभी केली तर खाली रेडिएटरच्या हिरव्या पाण्याचं तळं. मी पाना भिंतीवर फेकला आणि गाडीमागं बसून रडलो, मिल्तन. माझ्यासारखा माणूस. मला आपल्या चितोला कबरस्तानात नेतानाची मिरवणूक आठवत होती. तू होतास ना? पुढची गाडी अर्ध्या वाटेत उकळली, सगळीकडे वाफ, चार जण तिला ढकलतायत, फुटपाथवरचे लोक हसतायत, आणि चितोच्या आईनं तोंड फिरवलं. ओबेद त्या दिवशी घरी येऊन जेवला नव्हता.

त्यानंच हाक मारली. "रडून झालं असेल तर हीटर परत जोड." बसल्या बसल्या त्याला ते सुचलं होतं. "आणि मिल्तनला कळव, माझ्यातर्फे चार शिव्या घालून." त्या तुला पत्राच्या सुरुवातीलाच पोचल्या.

हवा काढायला तीन माणसं लागतात, तुला सांगायला नको. एक पुढे रेडिएटरच्या चाव्या उघडायला, एक मागे पाणी ओतायला, आणि एक आत, गाडी चालू ठेवून, हीटर पूर्ण उघडा ठेवून. आत तू बसायचास आणि आम्हाला आयाबहिणींवरून शिव्या द्यायचास. या वेळी पुढे नोएमी, मागे मी, आणि आत तो बसतो म्हणाला. आम्ही उचलूनच बसवला. काचा वर केल्या. बाहेर दुपारचं ऊन, आत हीटर, मला बघूनच गुदमरायला झालं. बुडबुडे येत होते, मी पाणी ओतत होतो, नोएमी ओरडून विचारत होती बंद करू का. हळूहळू बुडबुडे थांबले, पाण्याची सरळ धार लागली. सुई मधोमध. मी धावत खिडकीशी गेलो, सांगायला की झालं, लेका, झालं!

त्यानं शाल काढून शेजारच्या सीटवर ठेवली होती. कपाळावर घाम होता. डोळे मिटून दोन्ही हात हीटरच्या झरोक्यापुढे धरले होते त्यानं. म्हणाला, "विसो, गरम वाटतंय रे. किती दिवसांनी." मला बंद कर म्हणवेना. नोएमी चाव्या लावून नुसती उभी होती. पेट्रोल संपेपर्यंत आम्ही तसेच थांबलो.

आता ऐक. डायलिसिसच्या मशीनवर न्यायला येणारी व्हॅन सोमवारी दारात आली आणि तो गेला नाही. बुधवारीही नाही, आजही नाही. आता बस झालं म्हणतो. डॉक्टर बोलून दमले, नोएमी पाया पडली, मी शिव्या दिल्या. तुला सांगायचं नाही, कारण तू येऊन त्याला उचलून नेशील, म्हणतो. आता नेऊनही उपयोग नाही रे, त्याच्या नसाच उरलेल्या नाहीत. फार तर एक आठवडा. चर्चपासून कबरस्तानापर्यंत सगळ्यांच्या गाड्या येतील, फाटकाशी सगळे एकदम इंजिनं गरजवतील, आपल्या रीतीप्रमाणं. शवपेटीच्या पुढे त्याला स्वतःची गाडी पाहिजे. ती उकळता कामा नये, एवढंच त्याचं मागणं आहे, आणि ती तू चालवायची. जिवंतपणी तुला बोलवायचं नाही, पण चालवायची तूच. तेव्हा हे पत्र आणणाऱ्या बाईबरोबरच परत फिर, त्याचे डोळे उघडे आहेत तोवर ये. आणि त्या दिवशी सुईवर लक्ष ठेव. जरा जरी चढली तरी हीटर पूर्ण उघड, कितीही उकडलं तरी बंद करू नकोस. "घामानं तोंड भिजलं म्हणजे माझा भाऊ रडतोय हे कुणाला कळायचं नाही," असं तोच म्हणालाय.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेला, तुझाच
विसो