सासूबाईंचे तेरा ठोके

तीर्थरूप म्हणावं इतके तुम्ही म्हातारे नाही आणि प्रिय म्हणावं इतकी माझी छाती नाही, म्हणून नुसतंच डॉक्टर साडूभाऊ यांना धाकट्या साडूचा कोपरापासून नमस्कार.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, तेव्हा ते लिहून मोकळा होतो. तुमची तब्येत कशी आहे? ताईंची पाठ आता बरी असेल. हे पत्र मुद्दाम दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवतो आहे. फोन केला असता, पण तुमचा फोन ताई उचलतात आणि माझा फोन आमची ही शेजारी बसून ऐकते, आणि या दोघी बहिणींमध्ये गुपित ठेवायचं म्हणजे चाळणीत पाणी ठेवायचं. घाबरण्यासारखं काही नाही. मी घाबरलो आहे हे खरं, पण मी दाराची कडी वाजली तरी घाबरतो, हे तुम्ही माझ्या लग्नापासून पाहत आला आहात. उठून इकडे येण्याची मुळीच गरज नाही. फक्त एक आकडा कळवा. कसला, ते ओघानं येईलच.

आमची कचेरी बंद पडल्यावर मी सामूहिक व्यायाम घेणाऱ्या शिक्षकाचा अभ्यासक्रम धरला, हे ताईंनी तुम्हाला सांगितलं असेल (तुम्ही हसलात, हेही त्यांनीच आम्हाला सांगितलं). शेहेचाळिसाव्या वर्षी माणूस हृदयाच्या चार कप्प्यांची नावं पाठ करतो आहे हे पाहून मलाही हसू आलं असतं, पण परीक्षेच्या धास्तीत ते राहून गेलं. लेखी परीक्षेत पास झालो. प्रात्यक्षिकासाठी मात्र बारा माणसांचा वर्ग सहा आठवडे चालवायचा आणि शेवटी परीक्षकबाई येऊन तो पाहणार, अशी अट आहे. वाचनालयाच्या वरचा हॉल मिळाला. सकाळी साडेसहा ते साडेसात, खुर्च्या आपण उचलायच्या आणि आपणच परत मांडायच्या. शिंपी आले, घड्याळजी आले, त्यांच्या ओळखीनं आणखी नऊ जण आले. बारावं माणूस मिळेना. मी दोन दिवस जेवलो नाही, तेव्हा ही वैतागून म्हणाली, माझ्या आईला घेऊन जा, ती दोन गल्ल्या सोडून एकटीच तर बसलेली असते.

आता इथे माझी पहिली चूक झाली, आणि ती तुमच्यासारख्या जावयालाच कळेल. प्रत्येक माणसाकडून सुरुवातीला एक फॉर्म भरून घ्यायचा असतो. सात प्रश्न. छातीत दुखतं का, चक्कर येते का, रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी चालू आहे का, वगैरे. अकरा जणांना मी खडसावून विचारलं. घड्याळजींना तर दोनदा. पण आई फॉर्म घेऊन समोर उभ्या राहिल्या, म्हणाल्या चष्मा घरी राहिला, तुम्हीच वाचा आणि भरा. साडूभाऊ, जावयानं सासूला, तुमच्या छातीत काही होतं का, असं दहा जणांसमोर कोणत्या तोंडानं विचारायचं? अठरा वर्षांत आमचं बोलणं म्हणजे त्यांनी, जेवलात का, विचारावं आणि मी, हो, म्हणावं. मी फॉर्म गुडघ्यावर ठेवला आणि सातही ठिकाणी माझ्या हातानं 'नाही' लिहिलं. त्यांनी खाली सही केली. दोघांनाही सुटल्यासारखं वाटलं.

पुढचं शास्त्र तुम्हाला सांगणं म्हणजे सूर्याला पणती दाखवणं आहे, तरी सांगतो, कारण सांगितल्याशिवाय माझ्या मूर्खपणाची खोली कळणार नाही. दोनशेवीसमधून वय वजा करायचं. आईंचं वय सहासष्ट, उरले एकशेचोपन्न. त्याचे साठ ते पंचाहत्तर टक्के काढले की ब्याण्णव ते एकशेपंधरा. व्यायामाच्या ऐन भरात मनगटावर दोन बोटं ठेवून दहा सेकंद ठोके मोजायचे, सहानं गुणायचे, आणि आकडा या दोन खांबांच्या मध्ये बसला की माणूस नेमका लागतो तेवढाच दमला असं समजायचं. घड्याळजी सेकंद ओरडून सांगायचे. कुणाचे सतरा, कुणाचे अठरा, शिंपीदादांचे एकोणीस. आईंचे तेरा. सहानं गुणून अठ्ठ्याहत्तर. दुसऱ्या दिवशीही तेरा. आठवडाभर तेरा.

मी वहीत पाहिलं, पुस्तकात पाहिलं, आणि ठरवलं की आई अंग चोरतात. (हा शब्द मी मनातल्या मनातच वापरला, पण वापरला.) आणि खरं सांगू का, मला त्यात थोडी मजा वाटू लागली. अठरा वर्षं त्यांच्या घरी मी चहाचा कपसुद्धा बशीत आवाज न करता ठेवत आलो. आता मी म्हणेन तेव्हा त्यांनी हात वर करायचे आणि मी म्हणेन तेव्हाच खाली. अधिकार मिळाला की माणसाला शिंगं फुटतात म्हणतात, मला शिट्टी मिळाली. गुडघे आणखी वर घ्या आई, असं मी सगळ्यांसमोर म्हणू लागलो. त्या घेत. मी पुन्हा मोजायचो. तेरा.

पुस्तकात आणखी एक कसोटी आहे. मध्यम जोराच्या व्यायामात माणसाला बोलता यावं, गाता येऊ नये. आणि तो एकेका शब्दात उत्तरं देऊ लागला, की त्याला धाप लागली आहे हे ओळखून जोर कमी करावा. ही कसोटी सासूवर चालत नाही हे पुस्तक लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं. मी विचारायचो, ठीक आहे ना? त्या म्हणायच्या, हो. आम्ही एरवीही एवढंच बोलतो.

गेल्या मंगळवारी तिसरं गाणं चालू असताना मी पुन्हा म्हणालो की आकडा खोटं बोलत नाही, आई, तुम्ही मनावर घेत नाही. त्यांनी मनावर घेतलं. दोन मिनिटं त्या शिंपीदादांच्याही पुढे गेल्या. मग त्यांचा चेहरा पांढरा पडला, ओठही पांढरे, आणि त्यांनी भिंत धरली. अशा वेळी शिक्षकानं एका माणसाला बाजूला घ्यायचं आणि बाकीच्यांना हळूहळू चालत ठेवायचं असतं, कारण पाय थांबले की पोटऱ्या रक्त वर ढकलायचं सोडून देतात, रक्त पायातच साचतं आणि डोक्याला कमी पडतं. मला यावर सहा मार्क मिळाले होते. मी काय केलं? थांबा, सगळे थांबा, अशी आरोळी ठोकली. अकरा माणसं जिथल्या तिथे खिळली. क्षणभरात घड्याळजी खाली बसले, त्यांच्यामागे शिंपीदादा, आणि एका चक्करेच्या मी तीन केल्या. तिघांना आडवं करून पाय खुर्च्यांवर टेकवले. आईंचे पाय उचलताना मी इतकी घाई केली, की त्याच मला म्हणाल्या, सावकाश घ्या.

त्यांनी पिशवीतला रुमाल मागितला. रुमालाबरोबर गोळ्यांची पट्टी निघाली, आणि पट्टीभोवती घडी घातलेला तुमच्या दवाखान्याचा कागद. तुमचं अक्षर लागत नाही, पण तुमचा शिक्का लागतो. घरी येऊन पुस्तकाचं एकशेबारावं पान उघडलं, जे मी परीक्षेत येणार नाही म्हणून सोडून दिलं होतं. तळाशी बारीक अक्षरात लिहिलं आहे की हृदयाचे ठोके आवरून धरणाऱ्या काही गोळ्या असतात. त्या घेणाऱ्याचे ठोके तो कितीही दमला तरी फारसे वाढत नाहीत, म्हणून तिथे आकड्यावर विसंबू नये. म्हणजे त्या बिचाऱ्या जिवाच्या आकांतानं पळत होत्या आणि मी त्यांच्या गोळीला कामचोर म्हणत होतो. साडूभाऊ, मी त्या दिवशी मोरीत जाऊन रडलो. ही विचारत होती काय झालं, मी म्हणालो साबण गेला डोळ्यात.

आईंनी मला शपथ घातली आहे. तुम्हालाही वर्षभरापूर्वी घातली होती असं त्या म्हणाल्या, म्हणजे एका सासूनं दोन जावई वेगवेगळे बांधून ठेवले आहेत. मुलींना कळलं तर त्या घराला कुलूप लावतील आणि सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे अशी आपली पाठवणी सुरू होईल, असं त्यांचं म्हणणं. माझ्या दाराची किल्ली माझ्या हातात राहू द्या, म्हणाल्या. एवढं लांब वाक्य त्या माझ्याशी पहिल्यांदाच बोलल्या.

अशा माणसाला ठोके न मोजता विचारावं असं पुस्तक सांगतं: शून्य म्हणजे आरामात बसलोय, दहा म्हणजे आता होत नाही, तुम्हाला किती वाटतं? चार-पाचावर थांबवावं. मी त्यांच्या घरी जाऊन आईंना खुर्चीवर बसवलं आणि सरावासाठी मागच्या गोष्टी विचारल्या. जिना चढताना? तीन. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा? तीन. मंगळवारी, भिंत धरली तेव्हा? जरा विचार करून म्हणाल्या, तीन. सासरे गेले ते वर्ष विचारायला मला धीर झाला नाही, पण उत्तर काय आलं असतं ते मला ठाऊक आहे. जिनं आयुष्यात तिनाच्या वर कधी तक्रार नेली नाही, तिला कधी थांबवायचं? एकशेबाराव्या पानावर हे नाही. म्हणून एवढीच विनंती, की त्यांना किती चालवावं, किती वाकवावं, ते आकड्यात कळवा, म्हणजे मी वहीत लिहून ठेवीन आणि कुणाला काही बोलणार नाही.

ताईंना नमस्कार. पत्र वाचून फाडून टाका.

आपला धाकटा साडू

ता. क. तो फॉर्म माझ्यानं ठेववेना. परीक्षकबाईंना फोन करून सांगितलं की बारावा फॉर्म खोटा आहे आणि अक्षर माझं आहे. त्या म्हणाल्या, परीक्षा दोन महिने पुढे, आणि फॉर्म पुन्हा, यावेळी विचारून. मला वाटलं होतं हाकलतील.

ता. क. दुसरा. वर आकडा मागितला तो विसरा. पाकीट चिकटवण्याआधी नवा फॉर्म घेऊन आईंकडे गेलो आणि सातही प्रश्न मोठ्यानं वाचले. मान खाली घालून, पण वाचले. त्यांनी सातही उत्तरं खरी दिली. तीन ठिकाणी 'हो' आलं. मग मी उगाच विचारलं, आत्ता किती वाटतं आई? म्हणाल्या, आठ. मी मनगट धरायला धावलो. त्यांनी हात सोडवून घेतला. छातीचं नाही हो, म्हणाल्या, मुलींना सांगायचं मनात आलं ना, त्याचं आठ.

ता. क. शेवटचा, आणि खरं पत्र एवढंच समजा. येण्याची गरज नाही असं वर लिहिलं आहे, ते खोडायचं राहिलं. रविवारी ताईंना घेऊन सकाळच्या गाडीनं या. त्यांना काहीही कारण सांगा, माझ्या डोक्यावर परिणाम झाला आहे म्हणालात तरी चालेल. आई त्यांच्या घरीच, त्यांच्या खुर्चीत बसून दोघींना सांगणार आहेत. आवाज चढला आणि कुलपाचा विषय निघाला, की मी म्हणणार आहे की किल्ली आईंकडेच राहील, रोज सकाळी मी त्यांना घ्यायला जाईन आणि परत पोहोचवून येईन. हिच्यासमोर तिच्या विरुद्ध मी आजवर एक वाक्य पुरं केलेलं नाही. तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी बसा, आणि माझा आवाज बंद पडला तर पुढचं तुम्ही बोला.