खोलीत एकच माणूस

आई, मी सध्या दर शनिवारी वर्गात जाऊन बसते. नल्लकुंट्यात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर गरोदर बायकांसाठी वर्ग भरतो, तिथे. तुझी नात आठव्या महिन्यात आहे, पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली आहे, आणि जावई कामासाठी परदेशात अडकले आहेत. बाकीच्या मुलींशेजारी त्यांचे नवरे चटईवर मांडी घालून बसतात. हिच्याशेजारी मी, गुडघ्यांमुळे एकटीच खुर्चीवर.

पहिल्या दिवशी मी चिडूनच गेले. मूल जन्माला घालणं म्हणजे काय टायपिंग आहे, क्लास लावायला? शिकवणारी तेलुगू मुलगी माझ्या लेकीहून लहान, अजून लग्नही न झालेली. तिने पिशवीतून लोकरीचं विणलेलं गर्भाशय काढलं, आत कापडी बाहुली घातली आणि वरून हळूहळू दाबत त्याचं तोंड कसं उघडत जातं ते दाखवलं. मी चष्मा पुसून पुढे वाकले. दोन मुलं झाली मला, अडुसष्ट वर्षांची आहे, आणि हे मी पहिल्यांदा पाहत होते. मग वही काढली. खऱ्या कळा कशा ओळखायच्या, सोबतच्या माणसाने कमरेवर कुठे दाब द्यायचा, जन्मल्यावर लगेच बाळाला छातीशी कसं धरायचं, डॉक्टरांना 'हे कशासाठी?' असं खुशाल विचारायचं, सगळं लिहून घेतलं. श्वासाचा सराव म्हणून प्रत्येकाच्या मुठीत बर्फाचा खडा दिला. एक नवरा अर्ध्या मिनिटात "बस्स जी" म्हणून मोकळा झाला. मी पूर्ण मिनिट धरला. लेक कुजबुजली, "आई, इथे पहिला नंबर काढायचा नसतो."

तिसऱ्या शनिवारी ती मुलगी म्हणाली, कळा नसतानाही बाळाभोवतीचं पाणी जाऊ शकतं. वेळ लिहून ठेवा, रंग बघा, दवाखान्यात फोन करून निघा. एवढंच. दोन मिनिटांत सांगून झालं, आणि माझा मात्र संताप आवरेना. हे दोन मिनिटांचं होतं, आई. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरनी प्रजननाचा धडा 'घरी वाचा' म्हणून सोडून दिला, आणि घरी तू पुस्तक माझ्या हातातून काढून घेऊन समोर मेथी ठेवलीस. कुणाकडून कळणार होतं मला?

माझ्या पहिल्या बाळंतपणाचा तो दिवस अजून तसाच दिसतो. सकाळी मला जाग येते तर गादी भिजलेली. मला वाटतं, या वयात अंथरुणात झाली. लाजेने मी चादर धुते, गच्चीवर नेऊन तुझ्या नऊवारीच्या आड वाळत घालते आणि गप्प बसून राहते. तू स्वयंपाकघरात माझ्याच लाडवांसाठी डिंक तळते आहेस. दुपारी कपडे काढायला वर जातेस, चादर घेऊन खाली येतेस, माझ्याकडे बघतेस. "कधीपासून?" मी सांगते. "इतकं फाडफाड इंग्रजी येतं, आणि एवढं कळत नाही?" शेजारणीसमोर. मग रिक्षा, मलकपेठचं नर्सिंग होम, आणि सगळा रस्ता मी तुझ्याशी एक शब्द बोलत नाही.

लेकीच्या इस्पितळात प्रसूतीच्या खोलीत सोबतीला एकाच माणसाला येऊ देतात. काल वर्गातून परतताना नारायणगुड्याच्या सिग्नलला तिने विचारलं, "तूच येशील ना आत? घाबरणार नाहीस?" मी म्हटलं, येईन. तिने माझा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही. तिला बाळंतपणाची इतकी भीती वाटते, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. मीही तिला कधी काही सांगितलेलं नाही. डॉक्टर सांगतील, म्हणत आले. म्हणजे तुझ्यावर तोंड टाकायचा मला फारसा अधिकार नाही.

पण हे लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. काल वर्गात त्या मुलीने मला विचारलं, "अम्मा, तुमच्या वेळी आत कोण होतं?" मी ठसक्यात सांगितलं, आमच्या वेळी आईला आत सोडत नसत. लेकही तेच ऐकत आली आहे. तूसुद्धा शेवटपर्यंत तेच सांगायचीस, "मेल्यांनी मला आत जाऊ दिलं नाही."

असा नियम नव्हता, आई. नर्सनेच विचारलं होतं, "माँ कू बुलाऊँ क्या, बेटी?" दारापलीकडे बाकावर तू खोकत होतीस, ते मला ऐकू येत होतं. मी म्हटलं, नक्को. ती भली बाई, बाहेर जाऊन तिने तुला नियम म्हणून सांगितलं.

लेक माझी वही चाळते, म्हणून ही पानं फाडून घेते. तू त्या खोलीत हवी होतीस मला. नक्को म्हटल्यावर लगेचच कळलं होतं.