यंदा दिव्याचा मान आमच्याकडे

३० मार्च, पाडवा. सकाळी ९.१०

नवी वही. नवं वर्ष. नवा मी.

आजपासून वर्षभर गावदेवीच्या दिव्याचा मान आमच्या घराण्याकडे. कळव्याच्या आमच्या कोळीवाड्यात अकरा घराणी, म्हणजे अकरा वर्षांनी एकदा नंबर लागतो. पहाटे पाचला देऊळ झाडायचं, लादी धुवायची, फुलं, दिवा. संध्याकाळी परत दिवा. बस्स. ह्यात अवघड काय आहे?

मागच्या वेळी काही दिवस दिवा माझ्याकडे होता, तेव्हा जरा गडबड झालेली. ऑफिसचे लोक गोव्याला निघालेले, मीपण गेलो, आणि कुणाला सांगायचं राहून गेलं. दिवा चार दिवस बंद. त्याच वर्षी आय गेली. दहाव्याला दौलतदादा सगळ्यांसमोर बोलला, "परश्याच्या हातात दिली तर देवीपन उपाशी राहील." तेव्हापासून आम्ही भाऊ बोलत नाही. तीन घरं सोडून राहतो, तरी नाही.

मान खरा मोठ्याचा. पण दादाच्या पायाला शुगरची जखम झालीय. डॉक्टरने चालायचं नाही, पाय भिजवायचा नाही म्हणून सांगितलंय. तेव्हा मंडळात मीच हात वर केला. डिसेंबरला रिटायर झालो, आता पूर्ण वेळ देवीचा. संकल्प लिहून ठेवतो: एक दिवसही चुकणार नाही.

आज सातला गेलो. सणाचे सगळेच उशिरा उठतात.

३१ मार्च. सकाळी ६.२०

६.०५ ला दिवा लावला. पाचचा अलार्म वाजला नाही. वाजला असेल तर मोबाइल उशीखाली होता. उद्यापासून टेबलावर.

१ एप्रिल

५.४०. प्रगती आहे. लादी धुतली नाही, पाठ धरली. देवीला पाठीचं कळतं.

२ एप्रिल. सकाळी ७.३०

आज काय झालं ते आधी लिहून ठेवतो.

रात्री ॲसिडिटीने झोप नव्हती, म्हणून उठायला ६.५० झाले. धावत गेलो. बघतो तर देऊळ झाडलेलं, लादी धुतलेली, जास्वंद वाहिलेली, दिवा लागलेला! देवळाला कुलूप नाही, नुसती कडी आहे, ती आतून उघडली की बाहेरून, कोण सांगणार?

घरी येऊन कलावतीला सांगितलं. ती बोंबील साफ करत होती. मान वर न करता "असं होय" म्हणाली. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली, पण अध्यात्मात बायकोची साथ नाही.

५ एप्रिल

परत. मी ७ ला पोचलो, दिवा आधीच तेवत होता.

आता शंका नाही. माझ्या अंतःकरणाची तळमळ बघून ती स्वतःच करून घेते. भक्त थकला की देव त्याचं काम करतो, असं कीर्तनात ऐकलेलं. पण माझ्यासारख्या साध्या माणसाला हे व्हावं!

९ एप्रिल. दुपार

पुरावा मिळाला.

आज लादी ओली होती आणि दारापासून गाभाऱ्यापर्यंत ठसे उमटलेले. एका पावलाचा ठसा, त्याच्या बाजूला लहान गोल ठसा. परत पाऊल, परत गोल. दुसरं पाऊल कुठेच नाही. माणूस असता तर दोन पावलं असती. गोल ठसा त्रिशुळाच्या दांड्याचा, हे कुणीही सांगेल.

फोटो काढून 'गावदेवी सेवा' ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आई, तुझी लीला. – आपला नम्र सेवक परशुराम." छप्पन्न लोकांनी बघितला. कुणी काही लिहिलं नाही. भारावले असतील. दादाच्या दिपेशने एक अंगठा टाकलेला, थोड्या वेळाने तोही काढून घेतला.

१२ एप्रिल, जत्रा

पालखी छान झाली. पुढे मी होतो.

दादा प्लास्टिकच्या खुर्चीत कोपऱ्यात बसलेला. हातात काठी, पायाला पट्टी, पट्टीच्या कडा काळपट ओल्या. माझ्याकडे बराच वेळ बघत होता. मी पालखीकडे बघितलं. त्याला जळफळाट होत असणार. अकरा वर्षांपूर्वी काय बोललेला, आणि आज देवी कुणाच्या हाताने जेवते?

जाईबाई वहिनी सुकलेल्या दिसल्या. "भावोजी, झोप लागते ना बरोबर?" एवढंच विचारलं. म्हटलं, देवीच्या कृपेने उत्तम.

२० एप्रिल

कलावतीशी कडाक्याचं भांडण. म्हणते, "एकदा, फक्त एकदा पाचला उठून देवळात जा." म्हटलं, देवीला एकांत हवा असेल तर मी का मध्ये जाऊ? त्यावर ती रडायलाच लागली. "तुम्हाला दिसत कसं नाही हो?" म्हणाली. काय दिसायचं ते सांग म्हटलं तर "मी शब्द दिलाय" म्हणून भांडी घासायला गेली.

बायकांना चमत्कार पचत नाहीत.

२६ एप्रिल

संध्याकाळचा दिवाही आज आपोआप. मॅच शेवटच्या ओव्हरपर्यंत गेलेली. सुपर ओव्हर असेल म्हणून बसून राहिलो.

संकल्प थोडा सुधारतो: पहाटेची सेवा मनाने, संध्याकाळची शरीराने.

३ मे

नौपाड्यात गेलेलो. ऑफिसातल्या पोपटला भेटलो, मिसळ खाल्ली, त्याला सगळं सांगितलं. फोटो दाखवला. त्याने तो मोठा करून बघितला आणि विचारलं, "पण परशुराम, तू तिथे असतोस कधी?"

पोपट चांगला माणूस आहे, पण मुळात अकाउंट्सचा.

१४ मे. सकाळी ७.१५

दिवा बंद. लादीवर धूळ, कालची फुलं तशीच. कडी बाहेरून लावलेली.

मी काय चुकलो? दीड महिना तुझी अखंड सेवा केली, आणि तू एका दिवसात पाठ फिरवलीस? खूप राग आलाय. लिहून टाकतो म्हणजे शांत होईन. दिवा लावला नाही. तिलाही कळू दे.

१४ मे. संध्याकाळ

सकाळचं वर लिहिलेलं खोडणार होतो. खोडलं नाही.

घरी आलो तेव्हा कलावती घाईघाईने साडी नेसत होती. दादा तापात बडबडायला लागला म्हणून दिपेशने त्याला पहाटेच ठाण्याच्या हॉस्पिटलात नेलेलं. मी म्हटलं, मग मला काय सांगतेस? त्यावर ती खाली बसली आणि सगळं सांगितलं.

पहिल्याच आठवड्यात वहिनींनी बघितलं की सहा वाजले तरी देवळात अंधार आहे. दादाला बोलल्या. दोन तारखेला दादा साडेचारला उठून काठी टेकत गेला. तेव्हापासून रोज. लंगडीसारखा एक पाय टेकायचा, दुखरा पाय उचलून धरायचा. ते माझ्या देवीचं पाऊल, आणि काठी म्हणजे माझा त्रिशूळ. वहिनी म्हणाल्या मी झाडते, तर म्हणाला, मान आमच्या घराचा आहे, आम्हा भावांपैकीच कुणीतरी करायचा. लादी स्वतः धुवायचा. पट्टी भिजायची. कलावतीला त्याने देवीची शपथ घातलेली, परश्याला बोलायचं नाही, तो गावात तोंड दाखवू शकणार नाही.

सगळ्या कोळीवाड्याला माहीत होतं. ग्रुपवरच्या छप्पन्न जणांनाही.

१६ मे

पाय गुडघ्याखाली कापला. विष वर चढलंय म्हणतात.

दुपारी मला आत सोडलं. अकरा वर्षांनी त्याच्या इतक्या जवळ बसलो. काय बोलायचं ते येतानाच ठरवलेलं, पण त्यातलं काही आठवलं नाही. म्हटलं, "दादा, मला एक हाक मारायचीस. उठवायचंस मला."

तो म्हणाला, "ल्हानपनी आय मना उठवायची आनी तुला पांघरून घालायची. मना सवय हाय."

मी म्हटलं, तू दहाव्याला जे बोललास ते बरोबर होतं. त्याने डोळे मिटले. "तवा चुकलोच मी. सगल्यांसमोर नाय बोलायचं व्हतं. अकरा वर्सं तोंडाशी यायचं, पन तू रस्ता बदलायचास."

मी बदलायचो. खरं आहे.

 नर्स येऊन गेली. मला वाटलं झोपला. तर एकदम म्हणाला, "देवीच्या पायाचा फोटू मातर बरा काढलास." आणि हसला. मीही हसलो. त्याला खोकला आला, नर्सने मला बाहेर काढलं. बाहेर बाकावर कितीतरी वेळ मी हसतोय की काय ते मलाच कळत नव्हतं.

१७ मे. पहाटे ५.२०

४.४० ला उठलो. अलार्मच्या आधी. झाडलं, गुडघ्यावर बसून लादी धुतली, दिवा लावला. असं बसलं की दोन्ही पाय दुखतात. त्याने हे एका पायावर कसं केलं?

नवा संकल्प. आता हा शेवटचा आणि खरा: दादा बरा होऊन येईपर्यंत आणि नंतर जन्मभर, मी चुकणार नाही. आई, एवढं ऐक. मी तुझी सेवा करतो, तू त्याला ठेव.

१८ मे

६.५०. काल दिवसभर हॉस्पिटलात होतो. थकवा होता. एक दिवस.

एक दिवसच.

१९ मे

दादा सकाळी सव्वासहाला गेला.

दिपेशचा फोन आला तेव्हा मी झोपेत होतो.

२९ मे

काल दहावा झाला. सुतकात आम्हाला देवळात जाता येत नाही, म्हणून शेजारची नंदा दिवा लावते.

दहाव्याला सगळा वाडा होता. मला काहीतरी बोलायचं होतं, सगळ्यांसमोरच. उठलोही. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी विचारलं, सगळ्यांना चहा मिळाला का?

३१ मे. रात्री ८

उद्या मंडळाची बैठक आहे, उरलेल्या वर्षाचं काय ते ठरवायला. मी भाषण लिहून काढलंय. दीड पान. "माझ्या भावाचं अपुरं राहिलेलं व्रत मी पूर्ण करीन." कलावतीला वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "बोला. पण बोलायच्या आधी वहिनींकडे एकदा बघा."

१ जून

बैठक अकराला सुरू झाली. कागद खिशात होता.

मी उठायच्या आधी वहिनी उठल्या. कधी मंडळात बोललेल्या नाहीत. म्हणाल्या, "ह्यांचं ऱ्हायलेलं मी करीन. रोज साडेचारला ह्यांच्यासंगती उठायची, पट्टी बांधून द्यायची. आता त्या येलेला घरात नुसतं बसवत नाय." एका म्हाताऱ्याने विधवेचा मुद्दा काढला. नंदाने त्याला तिथेच गप्प केलं. अध्यक्षांनी मला विचारलं, "परशुराम, तुमची हरकत?"

सगळे माझ्याकडे बघत होते. वहिनीही. त्यांच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

म्हटलं, हरकत नाही.

घरी येताना मनात पहिलं काय आलं ते लिहितो, कारण ही वही दुसरं कुणी वाचणार नाही. दादाचा विचार आला नाही. देवीचाही नाही. मनात आलं, सुटलो, उद्या लवकर उठायला नको.

वहिनी माझ्या पुढेच चालत होत्या. त्यांना गाठून पाया पडायचं होतं. चप्पल सैल झाल्यासारखी वाटली म्हणून मी खाली वाकलो, आणि त्या घरात जाईपर्यंत वाकूनच राहिलो.

२ जून. पहाटे

४.३० ला आपोआप जाग आली. उठून बसलो. शर्ट घातला.

कलावतीने अंधारातूनच विचारलं, कुठे निघालात?

कुठे नाही, म्हटलं.