कियोताकाने लावलेल्या फळ्या

सौ. चिझुरूस,

सुखरूप पोचलो. बर्फ नाही, स्कीवाल्यांना डोंगरावर नेणारे पाळणे नुसतेच लटकतायत. आई ठणठणीत आहेत.

बर्फाआधी तुझ्या माहेरच्या लॉजच्या खिडक्यांना फळ्या लावायला आलो, तर शेजारच्या कियोताकाने जवळजवळ सगळ्या लावल्याही होत्या. आई म्हणाल्या, "दरवर्षी तोच लावतो. तुम्ही चहा घ्या, जावईबापू."

उरलेली एक मी हट्टाने खिळे ठोकून लावली. तो हसला. "अहो नागोयाकर, फळी खाचेत सरकवायची असते. चिझुरूला विचारा, मीच शिकवलंय तिला."

त्याने अजून लग्न केलेलं नाही, हे तू कधी बोलली नाहीस.

हंगामात आईंच्या मदतीला येणार होतीस ना? येऊ नकोस, तुला थंडी बाधते. तुझ्याऐवजी मीच राहतो. दुकान तू सांभाळ. जेवतेस ना वेळेवर?

फक्त तुझाच,
तेत्सुजी