तीनच्या जागी दोन

६ जानेवारी २०२५

आज आईला पुन्हा 'आशाबाई' म्हणाले. तिसरं वर्ष चालू आहे तरी जीभ दरवेळी अडखळतेच.

"आशाबाई, ट्रे इकडं द्या."

"घ्या मॅडम." आणि मास्कच्या आत हसली. मला कळतं ती हसली की.

कंत्राटदाराचा नियम आहे — एका घरातले दोघं नकोत. घरात लग्न निघालं की दोघं एकदम गायब होतात म्हणे. मला इथं शिकाऊ म्हणून निवडलं तेव्हा आई आधीपासून आत कामाला होती. पहिल्या दिवशी गेटच्या अलीकडंच थांबून म्हणाली, "आत गेल्यावर मी तुझी कोणी नाय. ध्यानात ठेव. डिग्री झाली की काय बोंबलायचं ते बोंबल." तेव्हापासून रस्त्यात ती पुढं चालते, मी मागं. सोमनाथ सर आमचे सुपरवायझर, त्यांनासुद्धा पत्ता नाही.

गावाकडं माझी ही डिग्री कोणाच्या डोक्यात शिरत नाही. पाचोडच्या बाजारात काका भेटले की विचारतात, "नोकरी करती का कॉलेज?" दोन्ही! पाच दिवस वाळूजला कंपनीत काम, त्याचा पगार. शनिवारी संभाजीनगरला वर्ग. आणि शेवटी पदवी विद्यापीठाची, इतर पोरांना मिळते तीच. काका म्हणतात, "म्हंजी धड ना हिकडं ना तिकडं." म्हणू देत. अप्पा शेत बघतात. आई आणि मी माझ्या दहावीनंतर वाळूजजवळ रांजणगावच्या या एका खोलीत आलो, ते ह्याचसाठी.

१४ जानेवारी

संक्रांत. आईनं तिळगूळ डाव्या हातानं पुढं केला. "उजव्या हातानं दे की, सण आहे," मी खेकसले. तिनं उजवा हात पदराखाली घेतला. ओढून बाहेर काढला तर मनगट टम्म सुजलेलं!

आमच्या इथं ॲल्युमिनियमचे भाग ओतीव येतात. कडांना धारदार पापुद्रा राहतो, त्याला बर म्हणतात. एका हातात भाग धरायचा, दुसऱ्या हातानं कानस मारायची, मनगट पिळून पिळून. दिवसभर तेच. त्या टेबलावर तिघी बसतात — आई, रत्नमालाबाई आणि खुलताबादच्या राहतबाजी. राहतबाजी मागच्याच वर्षी आल्या. आईला त्या आशाबाजी म्हणतात, बाजी म्हणजे ताई. दोघींचं एकमेकींच्या डब्यावाचून पान हलत नाही.

"कधीपासून दुखतंय?"

"दुखत नाय. जड वाटतं नुसतं."

खोटारडी.

१५ जानेवारी

ठरलं! शेवटच्या वर्षाला कंपनीतलाच एक प्रोजेक्ट करावा लागतो. वर्गातली बाकीची पोरं कॉम्प्युटरवर काहीतरी झगमग करणार आहेत. मी ते तिघींचं टेबल घेतलं. भाग हातात धरावाच लागू नये असं काहीतरी करायचं. सोमनाथ सर म्हणाले, "बर काढण्यात काय प्रोजेक्ट करणार गं तू?" बघाच.

९ फेब्रुवारी

पहिला साचा बनला. पायानं पायडल दाबलं की भाग घट्ट धरतो, सोडलं की सोडतो. परवा आईला बसवून बघितलं — म्हणजे 'आशाबाईंना'. ती दोनदा पाय मारून म्हणाली, "मॅडम, हितं बोट अडकतंय. अन पाय लई लांब ताणावा लागतोय." वर माझ्याकडं अशी बघते, जणू दुकानात साडी उलगडून बघतेय. आज रविवार. दिवसभर खोलीत पुठ्ठ्याचा साचा करून तिचा पाय मोजत बसले.

"हे शिकायला विद्यापीठ लागतं व्हय?" म्हणाली.

२१ फेब्रुवारी

चालला! पक्का चालला! आता तर दोन भाग एकदम बसतात. राहतबाजींनी साच्याचं नाव ठेवलं जावई. "पाय दिल्याबिगर हलतच नै मुआ." सगळी लाईन हसली. सोमनाथ सर पण हसले.

आणि आज घरी लोणच्याच्या बरणीचं झाकण आईनं स्वतः उघडलं. मला हाक न मारता. मी बघितलं. ती पण मी बघतेय हे बघत होती. आज मला कोणी विचारलं असतं ना की काय पाहिजे, तर काही नको म्हणाले असते.

१ मार्च

काल प्रोजेक्टचा अहवाल सरांना दाखवला. मी लिहिलं होतं — कामगाराच्या मनगटावरचा ताण कमी होतो. सर म्हणाले, "हे ठीक आहे, पण कंपनीचा फायदा कुठं दिसतो यात? मनगट दुखतं हे वरच्या लोकांना कागदावर दिसत नाही. काम किती माणसांत होतंय ते लिही."

मोजलं तर खरंच. दोन भाग एकदम बसतात, म्हणून तिघींचं काम दोघींत होतं. लिहिलं. 'तीनच्या जागी दोन.' ठळक अक्षरात केलं, छान दिसलं. तिसरीला पॅकिंगला पाठवतील. तिथं माणसं कमीच असतात.

११ मार्च

वरच्या साहेबांपुढं प्रोजेक्ट मांडला. टाळ्या वाजल्या.

२१ मार्च

रत्नमालाबाईंनी चहाच्या वेळी गाठलं. "मॅडम, तुमच्या त्या यंत्रामुळं आमच्यातली एक जाणार म्हणं." पॅकिंगला ना, मी म्हटलं. "पॅकिंगला कशाला? घरी."

चहा तसाच ठेवून उठले. सरांना विचारलं, ते फाईलमध्ये बघत म्हणाले, "तू तुझ्या परीक्षेचं बघ. हे आमचं आहे."

घरी येईपर्यंत मनात हिशोब चालला होता. आई तिघींत जुनी. जुन्या माणसाला कोण काढेल? राहतबाजी सगळ्यात नवीन. मनात हेच आलं, आणि खरं सांगायचं तर जिवाला बरं वाटलं.

आई भाकरीचं पीठ मळत होती. तिला म्हटलं, "तू घाबरू नको. नव्या माणसाला काढतात."

हात थांबला तिचा. "नवीन कोण हाय?"

"राहतबाजी."

परत मळायला लागली. भाकरी मात्र आज एक पण नीट फुगली नाही.

२२ मार्च

शनिवार. कॉलेजातून आले तर आई घरी. ह्या वेळेला? पिशवीत तिचे हातमोजे, डबा, कंपनीत घालायची चप्पल.

"काढलं मला. झालं."

एवढंच.

मी विचारत राहिले. तुला का? तू तर जुनी! कोणी सांगितलं? सर काय म्हणाले? ती म्हणाली, "मोने, तू तुझं कर. परीक्षा जवळ आली." आणि चप्पल धुवायला घेऊन गेली. कंपनीतली चप्पल! आता कशाला धुवायची ती?

मी रडले. ती रडली नाही. तिचं मनगट दुखू नये म्हणून केलं होतं मी सगळं. तेवढ्यासाठीच. देवा, तेवढ्यासाठीच केलं होतं.

२३ मार्च

जावई आला, सासू गेली.

२५ मार्च

आईच्या स्टुलावर राहतबाजी बसतात आता. माझ्याकडं बघत नाहीत. बघतील कशा? गोड बोलून, कोणाकडं तरी रडून जागा टिकवली असणार. आणि इतकी वर्षं राबलेली माझी आई घरात. मी तिकडं गेले की त्या उठून उभ्या राहतात. मी तेवढं भाग तपासते आणि निघते.

साचा उत्तम चालतोय. सरांनी अजून एक बनवायला सांगितला.

३१ मार्च

आज ईद. सुट्टी नव्हती मला, शिफ्ट करून आले. संध्याकाळी दारात राहतबाजी, नवा ड्रेस, हातात शीरखुर्म्याचा डबा. खुलताबादहून थेट आमच्या खोलीवर, पत्ता आईनंच दिला असणार. "आशाबाजी है?"

"झोपलीय," मी म्हटलं. डबा घेतला नाही. त्यांनी डबा तसाच पुढं धरला. "बेटा, तू तरी घे." मी दार लोटलं.

आई झोपलेली नव्हतीच. मोरीत कपडे धुवत होती. बाहेर आली ती ओल्या हातानं रस्त्यापर्यंत पळत गेली, पण रिक्षा निघून गेली होती. परत येऊन मला इतकी बोलली! इतकी तर मी शाळेत नापास झाले तेव्हा पण बोलली नव्हती.

"अगं, माणूस रिकामा डबा बी माघारी देत नाय कुणाला. तू भरलेला धाडला!"

"तुझी जागा घेतली तिनं!"

"कुणी कुणाची जागा घेतली नाय. राहतशी नीट वाग. येवढंच सांगते."

देवमाणूस आहे आमची आई. ज्यांनी तिचा घास घेतला त्यांचीच बाजू घेते. मला नाही जमत. मी नाही तसली.

१७ एप्रिल

आईला काम लागलं. बजाजनगरच्या खानावळीत पोळ्या लाटायचं. सकाळ आणि संध्याकाळ. कंपनीतल्या पोरांचे डबे असतात तिथं.

पोळ्या! लाटणं!

मनगट पुन्हा तसंच झालं आहे. फडकं बांधून जाते. मी निलगिरीचं तेल चोळून दिलं तर म्हणाली, "तुझा जावई खानावळीत बी लाव की एखादा." गंमत करत होती. मला हसायलाच येईना. तेल चोळता चोळता तिच्या हातावरच डोकं ठेवलं. तिनं दुसऱ्या हातानं माझे केस सारखे केले, आणि मग केसांना तेलाचा वास लागला म्हणून मलाच रागावली.

२ मे

डिग्री सोडून द्यावी असं वाटतं. आईला बोलले नाही. बोलले तर लाटणंच घेईल.

२० मे

तोंडी परीक्षा. बाहेरचे एक प्राध्यापक आले होते, म्हातारे, शांत. सगळं समजून घेतलं. साचा कसा धरतो, पायडल इथंच का. शेवटी विचारलं, "तिसऱ्या बाईंचं काय झालं?"

"कमी केलं, सर."

"तुम्ही ओळखत होता त्यांना?"

कंपनीचे लोक शेजारीच बसलेले. तीन वर्षांची सवय. "हो सर. कंत्राटी ऑपरेटर होत्या. आशाबाई नाव."

त्यांनी मान हलवली, काहीतरी लिहिलं, म्हणाले, छान काम आहे. मी बाहेर येऊन बाथरूममध्ये कडी लावून बसले. कंत्राटी ऑपरेटर होत्या! कशी बोलले मी? तिथं कोण माझी नोकरी काढून घेणार होतं? आई तर केव्हाच गेलेली. कोणासाठी लपवत होते मी?

सोमनाथ सर जिन्यात भेटले. "चांगली झाली म्हणे. आईला सांग." क्षणभर चमकले. पण सगळ्यांनाच आई असते. तसंच म्हणाले असतील.

११ जुलै

निकाल. पहिला वर्ग. आमच्या घराण्यातली पहिली पदवी! अप्पांना फोन केला, ते शेतातच रडायला लागले. कंपनीनं मला ठेवून घेतलं. त्याच विभागात, आता शिकाऊ नाही, इंजिनिअर. ऑगस्टपासून.

आई पेढे घेऊन आली. देवापुढं ठेवले आणि लगेच एक पुडा वेगळा बांधला. "हे राहतला दे."

"तिला कशाला?"

"तिला आधी."

भांडले मी. आजच्या दिवशी पण भांडले. पुडा कपाटावर तसाच पडला आहे. मुंग्या लागतील. लागू देत.

४ ऑगस्ट

नोकरीचा पहिला दिवस. जेवणाच्या सुट्टीत राहतबाजी माझ्या टेबलाशी आल्या. मी मान वर केली नाही. "अब तेरी परीक्षा बी झाली, नोकरी बी लागली," म्हणाल्या. "आता बोलते. आशाबाजीनं कसम घातली होती."

मार्चमध्ये नाव त्यांचंच निघालं होतं. त्या शनिवारी त्या रडत पिशवी भरत होत्या, तेव्हा आई टेबलावरून उठून सरांच्या केबिनमध्ये गेली. दार उघडंच होतं. राहतबाजींनी सगळं ऐकलं. आई म्हणाली, "तुमच्यात एका घरातले दोघं चालत नाहीत ना? मोनिका माझी लेक हाय. मग मला काढा. दुसरीच्या पोटावर पाय देऊन माझ्या लेकीची डिग्री नको मला."

नवीन कोण आहे, ते तिला मीच सांगितलं होतं.

मोनिका माझी लेक हाय. कंपनीत हे एकदाच कोणीतरी बोललं, आणि मी तेव्हा कॉलेजात होते.