गाऱ्हाण्याला होकार

प्रिय दत्ता,

इतक्या वर्षांनी बहिणीचं, तुझ्या बायचं पत्र आलेलं बघून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोन केला असता तर तू उचलला नसतास. आधी अपेक्षाचं सांग. अंगणात घसरून पोरीनं पाय मोडून घेतला, हे आईकडून कळलं. प्लास्टर कधी निघणार? धावण्यात बापावर गेलीय, घरात बसून कंटाळली असेल बिचारी.

इकडे बांद्यात माझं बरं चाललंय असं लिहिणार होते, पण तुला खोटं लिहून काय उपयोग? गणपतकाकांच्या भाड्याच्या खोलीत आम्ही रविवारी प्रार्थनेला जमतो, ते तुला ठाऊक आहेच. गेल्या रविवारी तोंडाला रुमाल बांधलेली माणसं आत घुसली. पेटी लाथाडली, बायबल भिरकावलं, बायकांना नाही नाही ते बोलली. मी माणसं बाटवते म्हणे! आता गणपतकाकांनी बजावलंय, त्यांतलं कुणी ओळखू आलं असेल तर पोलिसांना नाव दे, नाहीतर खोली रिकामी कर. उद्या मला जबाब द्यायचाय. खोली गेली तर आमच्या माणसांनी बसायचं कुठे, या विचारानं डोकं भणभणतंय.

बाटवण्याचं म्हणशील तर आमची म्हातारी काशीबाई बघ. बाप्तिस्मा घेऊन दोन पावसाळे झाले, तरी आमेनच्या जागी ठणठणीत आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणते. पण तिला हसू कशी? मलाही प्रार्थना येते ती बाबांच्याच चालीवर. येशूपुढे उभी राहते आणि गाऱ्हाणंच घालते. देवळात बाबा गावासाठी देवाकडे मागणं मागत गाऱ्हाणं घालायचे तेव्हा आपण दोघं त्यांच्या मागे उभे असायचो, आठवतं? सगळ्यांचं ‘व्हय म्हाराजा’ संपलं तरी तुझा ‘जा’ चालूच असायचा. बाबा मागे वळून डोळे वटारायचे आणि हसू मलाच फुटायचं, म्हणून बोलणीही मीच खायचे.

बाबा गेले, मग मी येशूची झाले आणि तू फोनवर म्हणालास, ‘तू आमका मेलंस.’ फार लागलं रे. तुझ्यावर चिडले, रडले, पण गाऱ्हाण्यातून तुझं घर कधी वगळलं नाही. तुझा राग आला तरी तुझ्यासाठी मागायचंच, एवढंच मला जमलं.

त्या रविवारीही मी तुमच्यासाठीच मागत होते. माणसं घुसली तेव्हा गाऱ्हाणं मध्येच तुटलं. वाद घालायला तोंड उघडलं असतं तर रडूच आलं असतं. म्हणून डोळे मिटले आणि गाऱ्हाणं जिथं तुटलं होतं तिथून मोठ्यानं पुढे सुरू केलं. माझ्या भावाचा चेडू पाय मोडून बसला हा, तेका परत आपल्या पायार उभा कर रे म्हाराजा! आणि दत्ता, खोली गप्प झाली. आपल्याकडे गाऱ्हाणं चालू असताना मध्ये कुणी बोलत नाही, शिव्या द्यायला आलेलेसुद्धा. माझं संपलं आणि दारातून उत्तर आलं, ‘व्हय म्हाराजा.’ काशीबाई माझ्या शेजारी होती, ती नव्हे. शेवटचा ‘जा’ लांबत गेला. मी डोळे उघडले तोवर कुणीतरी त्या माणसाला दंडाला धरून बाहेर ओढलं होतं आणि बाकीचेही काढता पाय घेत होते.

काल आई फोनवर म्हणाली की तू धड जेवत नाहीस, दारात मोटरसायकल थांबली तरी दचकतोस. तिला कारण कळत नाही. मला कळतं, म्हणूनच हे पत्र. नीट जेव. उद्या मी खोटं बोलणार नाही, पण नावही सांगणार नाही. काकांना खोली परत करते. आम्ही आमच्या घरापुढच्या खळ्यात बसू, ऊन लागलं तर लागू दे. अपेक्षा चालायला लागली की तिला घेऊन ये. प्रार्थनेला नको, चहाला ये. आणि मी तुला मेलेली नाही, हे मला आता पक्कं ठाऊक आहे. मेलेल्या बहिणीच्या गाऱ्हाण्याला कुणी ‘व्हय’ म्हणत नाही रे.

तुझीच,
बाय