सायकल मी नेली आहे

दादा,

सायकल जागेवर नाही म्हणून घाबरू नकोस, मी घेऊन गेले आहे. तू गाढ झोपलेला होतास आणि मी त्याचीच वाट बघत होते. जागा असतास तर माझ्या हातातून काढून घेतली असतीस. डाव्या काखेचं ऑपरेशन झाल्यापासून तू मला दुधाची पिशवीसुद्धा उचलू देत नाहीस.

माझ्या कॉलेजच्या दिवसांतलं ते माउंटन बाइकचं धूड तू कशाला खोललंस, हे मला कळतच नव्हतं. फ्रेम तेवढी जुनी ठेवलीस, बाकी प्रत्येक भाग हलका शोधून आणलास. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पेडल तोलताना बघून वहिनीइतकीच मीही वैतागले होते. काल तू फोनवर कुणाला तरी म्हणालास, "अजून थोडी हलकी झाली की ती एका हाताने उचलेल." मी आतून ऐकलं.

आज उचलली. उजव्या खांद्यावर घेतली, डावा हात नुसता कठड्याला लावला आणि तिन्ही मजले उतरले; हा मेसेज खालूनच लिहितेय. दुसऱ्या मजल्यावर जरा थांबले, पण दुखलं म्हणून नाही.

मागचा ब्रेक किंचित घासतोय, मी परत आल्यावर तो बघ. काटा घासून ठेवलाय, वहिनीला सांग. तळ्यापर्यंत जाऊन येते.

जिन्यात माझी चाहूल लागली तर दार उघडून उभा राहा. खाली मात्र येऊ नकोस.

छोटी